उंदराच्या श्वासाचा हिशेब ठेवता, मग गटारातल्या माणसाच्या श्वासाचा का नाही?

प्रयोगशाळेतील उंदरांशी चळवळीचा काय संबंध, असा प्रश्न हा मथळा वाचून काही वाचकांना पडेल. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. कारखान्यातील कामगाराच्या नाकात किती विष गेले तर चालेल, गटारातला वायू किती प्रमाणात असला म्हणजे माणूस कोसळतो, गळती झाल्यावर वस्ती कधी रिकामी करायची, हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. त्यांतील बरेचसे आकडे पोलादाच्या आणि काचेच्या पेटीत बसवलेल्या उंदरांनी आणि गिनिपिगांनी आपला जीव देऊन मिळवून दिले आहेत. ही माहिती कोणाच्या पैशाने जमा झाली, कोणाच्या कपाटात कुलूपबंद राहिली आणि शेवटी कोणाच्या कामी आली, हा प्रश्न जितका विज्ञानाचा आहे तितकाच सामाजिक न्यायाचा आहे.

ही पेटी काय असते ते आधी समजून घेऊ. हवेतले रसायन श्वासावाटे शरीरात गेल्यावर काय करते, हे तपासायचे तर ते नुसते खाऊ घालून किंवा टोचून भागत नाही. ते हवेतूनच द्यावे लागते. त्यासाठी गंज न धरणाऱ्या पोलादाची आणि काचेची बंद खोली बनवतात. लहान असली तर ती फ्रिजएवढी असते, मोठी असली तर माणूस उभा राहील एवढी. वरून स्वच्छ गाळलेली हवा येते, तिच्यात ठरलेल्या प्रमाणात वायू किंवा रसायनाची वाफ मिसळली जाते. ही हवा पिंजऱ्यांवरून जाते आणि खालून ओढून, विष काढून मगच बाहेर सोडली जाते. खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. कुठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत जाईल, आतले विष बाहेर येणार नाही. म्हणजे प्रयोग करणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी खोलीच्या रचनेतच घेतलेली असते.

दुसरी पद्धत फक्त नाकाची. सबंध शरीर विषारी हवेत ठेवले तर रसायन केसांवर बसते, उंदीर अंग चाटतो, मग विष पोटातूनही जाते आणि हिशेब बिघडतो. म्हणून उंदराला निमुळत्या नळीत बसवतात. नळीच्या तोंडाशी फक्त त्याचे नाक वायूच्या प्रवाहात असते. अशा अनेक नळ्या एका खांबाभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या लावलेल्या असतात. प्रत्येक उंदराला ताजी हवा मिळते, एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या नाकात जात नाही.

आता या पेटीचे नियम पाहा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, श्वासातून होणाऱ्या विषबाधेच्या चाचणीची मार्गदर्शक पद्धत १९८१ मध्ये ठरवली आणि २००९ मध्ये सुधारली. पेटीतील हवेत ऑक्सिजन किमान १९ टक्के असलाच पाहिजे. नाहीतर उंदीर विषाने मेला की गुदमरून, हे कळणार नाही. तापमान आणि ओलावा ठरलेल्या मर्यादेत हवा. पेटीच्या एकूण जागेपैकी पाच टक्क्यांपेक्षा जास्त जागा जनावरांनी व्यापता कामा नये. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, किती रसायन ओतले यावरून हवेतले प्रमाण गृहीत धरायचे नाही. उंदीर ज्या हवेत श्वास घेतो त्या हवेचा नमुना घेऊन ते मोजायचे, पुन्हा पुन्हा मोजायचे आणि लिहून ठेवायचे. अनेक प्रयोगांत शेजारी दुसऱ्या पेटीत तितकेच उंदीर स्वच्छ हवा घेत बसलेले असतात. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

भारतात असा प्रयोग करायचा तर प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम लागू होतात. संस्थेची नोंदणी लागते, नीतिविषयक समिती लागते, किती जनावरे लागणार आणि का लागणार हे लेखी द्यावे लागते. हे योग्यच आहे. मुक्या जीवाला कारणाशिवाय यातना देऊ नयेत, हे बुद्धाच्या करुणेचा वारसा सांगणाऱ्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. जनावरे कमी लागावीत, जमेल तिथे पेशींवर चाचणी व्हावी, हा प्रयत्न जगभर चालू आहे आणि तो वाढला पाहिजे. पण जे जीव गेले त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान माणसाच्या कामी आणले नाही, तर ती यातना दुहेरी वाया गेली असे म्हणावे लागेल.

ज्ञान कसे दडवले जाते याचे एक उदाहरण पाहू. आपल्या घरातले नळाचे पाइप, वायरवरचे आवरण, चपलांचे तळवे ज्या पीव्हीसी प्लास्टिकचे असतात, ते व्हिनाइल क्लोराइड या वायूपासून बनते. इटलीतील कारखान्याचे डॉक्टर पी. एल. व्हिओला यांनी उंदरांना वर्षभर या वायूच्या हवेत ठेवले. प्रमाण ३० हजार पीपीएम होते, म्हणजे दहा लाख भाग हवेत ३० हजार भाग वायू. उंदरांना कर्करोगाच्या गाठी आल्या. १९७० मध्ये ह्यूस्टनच्या कर्करोग परिषदेत त्यांनी हे मांडले. युरोपातील कंपन्यांनी मग बोलोन्याजवळच्या बेंतिव्होलियो येथे चेझारे माल्तोनी या शास्त्रज्ञाकडे मोठा प्रयोग सोपवला. त्यांनी प्रमाण खूप खाली आणले. १९७२ पर्यंत दिसून आले की २५० पीपीएमलाही उंदरांच्या यकृतात अँजिओसार्कोमा हा अत्यंत दुर्मिळ कर्करोग होतो. त्या वेळी अमेरिकेत कामगारांसाठी कायदेशीर मर्यादा ५०० पीपीएम होती! म्हणजे कायदा पाळणाऱ्या कारखान्यातही कामगार उंदरापेक्षा दुप्पट विष हुंगू शकत होता.

मग काय झाले? अमेरिकी कंपन्यांनी युरोपीय कंपन्यांशी गुप्ततेचा करार करून हे निष्कर्ष घेतले आणि कामगारांना सांगितले नाहीत. जुलै १९७३ मध्ये कंपन्यांचे प्रतिनिधी सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या अधिकाऱ्यांना भेटले, तरी माल्तोनींचे यकृताच्या कर्करोगाचे निष्कर्ष त्यांनी पुढे ठेवले नाहीत. जानेवारी १९७४ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिलच्या बी. एफ. गुडरिच कारखान्यातील कामगार याच दुर्मिळ कर्करोगाने मेल्याचे जाहीर करावे लागले, तेव्हा बिंग फुटले. त्यानंतर मर्यादा ५०० वरून १ पीपीएमवर आली, आठ तासांच्या सरासरीवर. कंपन्यांनी आकांत केला की आता धंदा बुडणार. धंदा बुडाला नाही. यंत्रे बंदिस्त केली, गळती थांबवली, प्लास्टिक बनतच राहिले. जे १९७४ नंतर जमले ते १९७२ मध्ये का जमले नाही? कारण १९७२ मध्ये फक्त उंदीर मेल्याची नोंद होती, आणि ती नोंद मालकाच्या कपाटात होती.

भोपाळची गोष्ट तर आपल्याच घरातली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपडपट्ट्यांवर पसरले. हमीदिया रुग्णालयात माणसे हजारोंनी येत होती. वायू कोणता, शरीरात काय करतो, उपचार काय, हे डॉक्टरांना वेळेवर सांगितले गेले नाही. या वायूबद्दल जगात कोणालाच काही ठाऊक नव्हते का? कंपनीने १९६३ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये अमेरिकेतील मेलन इन्स्टिट्यूटकडून जनावरांवर श्वासाच्या चाचण्या करून घेतल्या होत्या. ते अहवाल खासगी राहिले. ज्या कंपनीला आपल्या मालाचे विष किती तीव्र आहे हे उंदरांवरून कळले होते, तिने तो माल दाट वस्तीशेजारी टनावारी साठवला.

खुले संशोधन झाले ते माणसे मेल्यानंतर. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा तासांत निम्मे उंदीर मारण्यास सुमारे ६ पीपीएम एवढे मिथाइल आयसोसायनेट पुरे पडले. कामगारांसाठीची मर्यादा ०.०२ पीपीएम, म्हणजे त्याच्या तीनशेव्या भागाएवढी. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे डॉ. दया वर्मा यांनी गाभण उंदरिणींना हा वायू दिला तेव्हा गर्भ मोठ्या प्रमाणात नष्ट झाले. त्यांनीच भोपाळमध्ये कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती गोळा केली होती. त्यांतील ४३ टक्के गर्भ जिवंत जन्माला आलेच नाहीत. पेटीतील उंदरीण आणि झोपडीतील बाई यांनी एकच साक्ष दिली. फरक इतकाच की उंदरिणीला किती वायू दिला हे लिहून ठेवले होते. त्या बाईच्या झोपडीत किती वायू शिरला हे कोणीही मोजले नव्हते, आणि पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तिलाच पुरावा मागितला गेला.

आता गटाराकडे येऊ. गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसाला मारणारा मुख्य वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास ज्याचा, तोच. हवा न लागणाऱ्या गाळात जिवाणू तो तयार करतात. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचून राहतो. गाळ ढवळला की एकदम उसळून वर येतो. म्हणून झाकण उघडून घटकाभर थांबलो, वास आला नाही, उतरलो, हा हिशेब जीवघेणा ठरतो. शिवाय या वायूची कपटी खोड अशी की साधारण १०० पीपीएमच्या वर गेला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे माणसाला वाटते आणि तो आणखी खाली उतरतो. पुढे ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत. पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, म्हणून छाती भरलेली असूनही जीव जातो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. एकाच टाकीत बाप, मुलगा, भाऊ मेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्यामागे हे कारण आहे.

या वायूचाही हिशेब पेटीत झालेला आहे. चार तासांत निम्मे उंदीर मरतात ते प्रमाण सुमारे ४४४ पीपीएम, हे १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याहून बोलका प्रयोग २००० सालचा, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला. उंदरांना रोज सहा तास, आठवड्याचे सातही दिवस, दहा आठवडे हा वायू दिला. एका गटाला १० पीपीएम, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ८० आणि चौथ्या गटाला स्वच्छ हवा. उंदीर मेले नाहीत. पण ३० आणि ८० च्या गटांत नाकातील वास ओळखणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. १० च्या गटात इजा दिसली नाही. म्हणजे जो कामगार गटारातून जिवंत वर येतो तोही सुखरूप येतो असे नाही. रोज थोडे थोडे विष घेऊन, धोक्याची सूचना देणारे नाकच तो गमावू शकतो.

या प्रयोगावरून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००३ मध्ये आपल्या सामान्य जनतेसाठी जी सुरक्षित पातळी ठरवली, ती कशी काढली पाहा. उंदरांना इजा न झालेला १० पीपीएमचा आकडा घेतला. दिवसाच्या सहा तासांऐवजी चोवीस तासांचा हिशेब केला. उंदराच्या आणि माणसाच्या नाकातला फरक धरला. मग माणसे लहान-मोठी, आजारी-निरोगी असतात, आपले ज्ञानही अपुरे असते, म्हणून आलेल्या आकड्याला ३०० ने भागले! एका घनमीटर हवेत ०.००२ मिलिग्रॅम एवढाच वायू, त्याहून जास्त नको. जिथे नागरिकाच्या जिवाला किंमत असते तिथे शंकेचा फायदा नागरिकाला असा दिला जातो. आपल्याकडे शंकेचा फायदा ठेकेदाराला मिळतो.

कायदा नव्हता असेही नाही. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३६ ने कारखान्यातील टाकीत, खड्ड्यात किंवा नळात माणूस उतरवण्यापूर्वी जाणकाराने स्वतः हवा तपासून लेखी दाखला देणे, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र, पट्टा आणि बाहेरून धरलेला दोर देणे बंधनकारक केले. भोपाळनंतर १९८७ मध्ये याच कायद्यात हवेतील रसायनांच्या मर्यादांची अनुसूची आली. याच कायद्याने सांडपाणी उपसणाऱ्या पंपिंग स्टेशनला कारखान्याच्या व्याख्येत घेतले. पण रस्त्यावरचे मॅनहोल कारखाना नाही! भिंतीच्या आत तोच मैला, तोच वायू, आणि माणसाला दाखला. भिंतीच्या बाहेर त्याच मैल्यात उतरणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये आणि दारूची बाटली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. नवी संहिता आणताना ही भिंत पाडली का, हे कामगार संघटनांनी सरकारला विचारले पाहिजे.

गटारासाठी वेगळा कायदा २०१३ मध्ये झाला. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास त्याने बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याखालच्या नियमांतील साधनांत वायू मोजणारे यंत्रही आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला मुंबईतील एका सेप्टिक टाकीत मेलेल्या तीन कामगारांच्या विधवांसाठी हुकूम काढावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्यास सांगितले. इतके सगळे झाले. तरी सरकारनेच संसदेत दिलेली संख्या सांगते की २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत मेली. २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंची सामाजिक लेखापरीक्षणात तपासणी झाली, तेव्हा ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साधन नव्हते असे आढळले.

ही माणसे कोण? सरकारच्या नमस्ते योजनेत २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांची नोंद झाली. त्यांत सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातील, आणि एकट्या अनुसूचित जातींचे जवळपास ६९ टक्के. उत्तर इथे आहे. यंत्र महाग आहे म्हणून येत नाही, हे खोटे आहे. ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि जळणारा वायू हे चारही मोजणारे यंत्र हाताच्या पंजाएवढे असते. ते कमरेला लावता येते आणि प्रमाण वाढताच ओरडते. रस्ते, पूल, सुशोभीकरण यांवर कोट्यवधी उधळणाऱ्या महापालिकेला ते घेता येत नाही? घेता येते. पण ज्याच्या जन्मावरून त्याचे काम ठरवले, त्याचा मृत्यूही त्या कामाचाच भाग मानण्याची या व्यवस्थेला सवय झाली आहे. त्यामुळे मोजावे असे कोणाला वाटतच नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कामाचे तास, विमा, सुरक्षा या गोष्टी कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात आणण्यासाठी ते झटले. मालकाच्या दयेवर त्यांनी काही सोडले नाही. मोजलेली हवा हाही तसाच हक्क आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गटारात उतरणाऱ्याला चांगली साधने द्या एवढ्यावर आपली मागणी थांबत नाही. माणूस गटारात उतरताच कामा नये, हीच मागणी आहे आणि राहील. पण ज्या दिवशी कोणी उतरवला जातो त्या दिवशी हवा मोजली होती का, आकडा किती आला, तो कोणी लिहिला, सही कोणाची, हे प्रश्न पोलीस ठाण्यात विचारले गेले पाहिजेत. अपघाती मृत्यूची नोंद करून फाइल बंद करणाऱ्यांपुढे हेच प्रश्न ठेवा. ४४४ चा आकडा १९८१ पासून छापील आहे. धोका माहीत नव्हता, असे म्हणायला कोणत्याही अभियंत्याला किंवा ठेकेदाराला जागा उरलेली नाही. माहीत असून, न मोजता उतरवले, तर त्याला अपघात म्हणता येत नाही.

कार्यकर्त्यांनी हे काम आजपासून हाती घेता येईल. आपल्या महापालिकेकडे, नगरपालिकेकडे वायू मोजणारी यंत्रे किती आहेत, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, गेल्या वर्षी किती मॅनहोलची हवा मोजली आणि त्या नोंदवह्या कुठे आहेत, एवढे चारच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर आले नाही तर अपील करा, आणि आलेले उत्तर वस्तीत वाचून दाखवा.